स्टीलचा कान

विक्रांत केळुसकर बोलायला उभा राहिला की कुमुद घैसास पाण्याची बाटली उघडायची आणि घोट घोट पीत बसायची. तोंडात पाणी असेपर्यंत बोलता येत नाही, म्हणून. गेल्या दोन वर्षांत या माणसाच्या भाषणांपायी ती इतकं पाणी प्यायली होती की तिच्या डॉक्टरांना आनंद झाला असता.

"कला, वास्तू आणि निसर्ग," विक्रांत म्हणायचा आणि दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाखवायचा. "या तीन वेगळ्या गोष्टी नाहीतच. म्युझियमचं एक्स्टेन्शन म्हणजे बिल्डिंग नव्हे, बिल्कुल नव्हे. तो एक संवाद आहे."

या संवादात बोलणारा एकटाच होता, आणि तो आर्किटेक्ट होता.

म्युझियम म्हणजे सरोजिनी नगरच्या पलीकडच्या एका शांत गल्लीतला पिवळा दुमजली बंगला. अण्णासाहेब कारखानिसांचे वडील सरकारी नोकरीनिमित्त दिल्लीत आले आणि त्यांनी उभा जन्म वाद्यं जमवण्यात घालवला. सतारी, सारंग्या, सनया, संबळ, लष्करी बँडची पितळी वाद्यं. खोल्या भरल्या, जिने भरले, शेवटी न्हाणीघरातसुद्धा दोन तंबोरे उभे राहिले. अण्णासाहेबांनी निवृत्त झाल्यावर ट्रस्ट काढला आणि ऐंशी ओलांडल्यावर बंगल्यामागं नवी इमारत बांधायचं मनावर घेतलं. कामाला आपलीच माणसं घ्यायची, असा त्यांचा हट्ट. म्हणून पुण्याचा आणि हल्ली गुरुग्राममध्ये ऑफिस थाटून बसलेला विक्रांत आला, शिल्पासाठी मूळची वसईची रसिका घोन्साल्विस आली, आणि बागेसाठी कुमुद.

कुमुद दिल्लीतच जन्मली, वाढली. तिचे वडील आणि अण्णासाहेब एका खात्यात होते. साठीला टेकलेली, मयूर विहारच्या सोसायटीत राहणारी, अर्ध्या दिल्लीच्या बागा लावलेली ही बाई. तिला माणसं सहसा आवडत नसत. एखादं आवडलंच, तरी ती ते त्याला कळू देत नसे. पण विक्रांतबद्दल तिला जे वाटायचं ते नुसती नावड म्हणण्याच्या पुढचं होतं. त्याचा कधीही न चुरगळणारा लिननचा शर्ट, त्याची बिनकाचेची वाटावी अशी चष्म्याची चौकट, "चलो, मोठा विचार करू" म्हणत टेबलावर मारायची थाप, यातली एकही गोष्ट तिला सहन व्हायची नाही.

बंगल्याच्या मागच्या अंगणात एक पिलखन होता. वडाच्या जातीचं झाड. भला थोरला घेर आणि खाली भर उन्हाळ्यातही गार वाटावी अशी सावली. विक्रांतच्या पहिल्या नकाशात हा पिलखन नव्हताच. त्या जागी काळ्या दगडाचा उथळ हौद होता. असं झाड तोडायचं तर दिल्लीत परवानगी लागते आणि ती मिळेपर्यंत अण्णासाहेब हयात असतील की नाही सांगता येत नाही, हे कुमुदनं त्याला भर बैठकीत ऐकवलं. पुढच्या बैठकीत विक्रांत उभा राहिला आणि पडद्यावर पिलखनाचा फोटो दाखवून म्हणाला, "हे झाड आपल्या डिझाइनचं हृदय आहे. सगळी इमारत याच्याभोवती वळते."

कुमुदनं तेव्हा अर्धी बाटली संपवली.

शिल्पाचंही तसंच. रसिकानं स्टीलचं एक मोठं, आत वळलेलं, दीड मजला उंच पान केलं होतं, आरशासारखं लखलखीत. वाद्यांचं म्युझियम, म्हणून हा कान. झाड बोलतं आणि कान ऐकतो, असं विक्रांतनं माहितीपत्रकात लिहून टाकलं. शिल्पाचं नाव 'श्रवण'. रसिकानं कुमुदला नोएडाच्या आपल्या वर्कशॉपवर बोलावलं होतं, एकदा नव्हे, तीनदा. कुमुद गेली नाही. चाळिशीच्या आतली मुलगी, हातात जाड चांदीची कडी, केस एका बाजूनं भादरलेले. तिच्याकडं बघूनच कुमुदनं ठरवून टाकलं होतं की ही विक्रांतचंच धाकटं पिल्लू. झाड बोलतं म्हणे! झाडाला पाणी घालणारं कोणी नसलं की ते काय बोलतं, ते या लोकांनी जूनमध्ये येऊन ऐकावं.

कान जानेवारीत बसला. क्रेन आली, अंगणाच्या ईशान्य कोपऱ्यात चौथऱ्यावर त्याला उभं केलं, मागं रेलवलं. धुक्याचे दिवस होते. त्या आरशात राखाडी आभाळाशिवाय काही दिसत नव्हतं आणि सगळे त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढत होते. उद्घाटन मे महिन्यात ठरलं, कारण अण्णासाहेबांच्या वडिलांचा जन्मदिवस मेमध्ये येत होता. उन्हाळ्यात दिल्लीकर घराबाहेर पडत नाहीत, हे त्यांना सांगायची कोणाची हिंमत नव्हती.

मार्चमध्ये पिलखनानं सगळी पानं टाकली आणि पंधरवड्यात नवी काढली, तांबूस, कोवळी, तकतकीत. दर वर्षीचं हे पिलखनाचं वैभव. एप्रिलच्या मध्यावर ती हिरवी झाली. पण अंगणाच्या बाजूच्या एका मोठ्या फांदीची पानं तांबडीच राहिली, मग तपकिरी झाली. विक्रांतनं त्यांचा फोटो काढून इन्स्टाग्रामवर टाकला आणि खाली लिहिलं की धातूचा रंग झाडानं स्वीकारला आहे, संवाद सुरू झाला आहे.

कुमुदला हा फोटो नवऱ्यानं दाखवला. ती दुसऱ्या दिवशी सकाळीच मेट्रो पकडून म्युझियमवर गेली. पानं हातात घेतली तर पापडासारखी मोडली. कीड नव्हती, बुरशी नव्हती, मुळाशी ओल व्यवस्थित होती. ती कोड्यात पडून झाडाखाली उभी राहिली. ऊन डोक्यावर आलं आणि एकाएकी तिच्या मानेवर कोणीतरी तापलेली इस्त्री धरल्यासारखं झालं. ओरडून ती बाजूला झाली. वळून पाहिलं तर समोर तो कान. त्याच्या खोलगट पोटात सगळं ऊन गोळा झालं होतं आणि तिथून एक पांढराफटक पट्टा निघून जमिनीवर, ती आत्ता होती तिथं, पडला होता. ती बघत राहिली. पट्टा सरकत खोडावर चढला. खोडाची साल तिथं चिरलेली होती, काळवंडली होती. दुपार कलायला लागली तसा तो वर जाऊन त्या फांदीत शिरला. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, तेव्हा हाच पट्टा झाडावरून आभाळात निघून जात असणार. म्हणून कोणाला पत्ता लागला नाही.

तिनं तिथूनच विक्रांतला फोन लावला.

"झाड भाजतंय," ती म्हणाली. "तुमच्या कानानं."

"कुमुदताई, काय सांगता! इंटरेस्टिंग आहे हे," विक्रांत म्हणाला. "नंतर बोलू या का? मी साइटवर आहे."

त्यावर तिनं ईमेल केला. उत्तर आलं नाही. मग तिनं अण्णासाहेबांना सांगून बैठक बोलवायला लावली आणि बंगल्यातल्या त्यांच्या खोलीत सगळे जमले.

"अगदी साधं आहे," कुमुद म्हणाली. "तो कान सरळ उभा करा, नाहीतर त्याचं तोंड फिरवा."

"फिरवायचं?" विक्रांत हसला, लहान मुलाच्या बोलण्याला हसावं तसा. "ताई, फाउंडेशन तोडावं लागेल. आणि कॅफेतून व्ह्यू काय राहील मग? तो अँगल कॅफेसाठी आहे. बसलेल्या माणसाला त्यात आभाळ दिसतं." त्यानं आवाज मऊ केला. "मला वाटतं आपण झाडाचाच विचार करावा. जुनं आहे. ताईंनी झाड रोगट असल्याचा रिपोर्ट दिला तर परवानगी मिळायला अडचण पडणार नाही. त्याच्या बदल्यात आपण तीस चाफे लावू. पांढरे. स्टीलमध्ये पांढरं काय दिसेल, कल्पना करा!"

"काल ते तुमचं हृदय होतं," कुमुद म्हणाली.

"हृदय ट्रान्सप्लांट होतं, ताई."

तो स्वतःच्या कोटीवर खूश झाला. अण्णासाहेब ऐकण्याच्या यंत्राची चाकी फिरवत होते.

"मी तो उभा काढला होता," रसिका अचानक म्हणाली. इतका वेळ ती खिडकीशी बसून होती. "माझ्या ड्रॉइंगमध्ये तो सरळ आहे. मागं रेलवायचं नंतर ठरलं."

कुमुदला चेव आला. "मग तेव्हा तोंडात काय धरलं होतंस? बोलायचं होतंस की!"

"बोलले होते." रसिकानं तिच्याकडं पाहिलं. "त्या मीटिंगला तुम्हीही होतात. पाणी पीत होतात."

त्याचाही राग कुमुदनं रसिकाच्याच खात्यात टाकला आणि ती उठून निघून आली.

संध्याकाळी घरी तिचा नवरा पद्माकर दोडके सोलत बसला होता. तो निवृत्त झाल्यापासून भाजी त्याच्याकडं होती. कुमुदनं पर्स सोफ्यावर टाकली आणि सुरुवात केली. विक्रांत हा शिकलेला भामटा आहे, अण्णासाहेब सोयीपुरते बहिरे आहेत, आणि ती मुलगी स्टीलचं भांडं करून त्याला कला म्हणते. पद्माकरनं सगळं ऐकून घेतलं.

"तुला या जगात कोणी आवडतं का गं?" त्यानं विचारलं.

"झाडं आवडतात. ती प्रेझेंटेशन देत नाहीत."

"त्या मुलीशी बोललीस का नीट? तिची वस्तू आहे, उपाय तिलाच माहीत असेल."

"तिच्याशी काय बोलायचं! ती त्याचीच माणूस."

"ती तर म्हणाली, मी उभा काढला होता."

"तू भाजी सोल," कुमुद म्हणाली.

रात्रभर नाही, पण जेवण होईपर्यंत तिनं विचार केला आणि तिचं ठरलं. या लोकांना सांगून कळत नाही, त्यांना चटकाच बसायला हवा. पुढचे काही दिवस ती रोज दुपारी म्युझियमवर जाऊन पट्टा कुठून कुठं सरकतो ते पाहत राहिली. मग तिनं अण्णासाहेबांना निरोप दिला: रिपोर्ट द्यायला माझी तयारी आहे, पण सगळ्यांनी झाड प्रत्यक्ष बघावं, बैठक झाडाखालीच होऊ दे, दुपारच्या जेवणाआधी. विक्रांतचा मोबाइलवर लगेच अंगठा आला, आणि मागोमाग एक हसरा चेहरा.

म्युझियमचा जुना राखणदार मारुती याला तिनं खुर्च्या मांडायला सांगितल्या. प्लॅस्टिकच्या चार, एक छोटं टेबल, एक उभा पंखा. खोडाला लागून असलेली खुर्ची विक्रांतची. तिनं ती स्वतः बोटभर इकडं, बोटभर तिकडं करून ठेवली. बारा वाजून गेल्यावर पट्टा जमिनीवरून सरकत बरोबर तिथं येणार होता. त्या लिननच्या शर्टाला इस्त्रीची सवय होतीच.

विक्रांत हॅट घालून आला. रसिका सुती कुर्त्यात, कडी काढून ठेवलेली. अण्णासाहेब काठी टेकत शेवटी आले, सावलीकडं बघून त्यांनी समाधानाचा सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "मी इथं बसतो. खोडाला टेकून बरं वाटतं."

"बसा की, बसा," विक्रांत अदबीनं बाजूला झाला.

कुमुद लगबगीनं पुढं झाली. "अण्णासाहेब, तुम्ही इकडं बसा. इथं पंख्याचं वारं येतं."

"पंख्यानं माझी मान धरते," अण्णासाहेब म्हणाले आणि बसलेसुद्धा.

आता बोलायला हवं होतं. ती बोलली नाही. बोलली असती तर सगळा बेत फुकट गेला असता, विक्रांत परत तसाच हसला असता. तिनं मनाची समजूत घातली: ऊन लागलं की म्हातारा आपणहून उठेल, आणि शेवटी निर्णय त्याच्याच हातात आहे, त्यालाच कळू दे. तिनं बाटलीचं झाकण उघडलं.

विक्रांत उभा राहिला. झाडाचं वय, झाडाचं दुखणं, बदलाला घाबरू नये, शहरं अशीच श्वास घेतात. उकाड्यात त्याचा आवाज एकसुरी गुणगुणत राहिला. पट्टा चौथऱ्याच्या पायथ्याशी दिसला, वाळक्या पानांवरून सरकत टेबलापर्यंत आला. टेबलावरची पाण्याची दुसरी बाटली एका अंगानं मऊ पडून कलंडली. विक्रांतनं ती बोलता बोलता सरळ केली, ती परत कलंडली. मग तो उजेड अण्णासाहेबांच्या चपलांवर गेला, धोतरावर गेला. कुमुदनं त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं, ते कधी दचकतात ते बघायला.

अण्णासाहेब झोपले होते. हनुवटी छातीवर, तोंड किंचित उघडं. विक्रांतच्या भाषणानं त्यांना सुखाची झोप लागली होती.

कुमुदला ते दिसलं. उजेड त्यांच्या छातीवर चढताना दिसला, गळ्यावर गेलेला दिसला. ती उठणारच होती. पुढं कितीतरी दिवस तिनं स्वतःला हेच सांगितलं, की मी उठणारच होते. पण तिच्या आत कुठंतरी एक खवचट बाई अजून विक्रांतचं वाक्य कुठं तुटतं त्याची वाट पाहत बसली होती, आणि तिनं कुमुदला खुर्चीत धरून ठेवलं.

खुर्ची उलटली ती रसिकाची. ती धावत मध्ये शिरली आणि अण्णासाहेबांवर वाकून उभी राहिली, पाठ कानाकडं, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर. "मारुतीकाका, ओढा!" ती ओरडली. "खुर्ची ओढा मागं!" मारुतीनं आणि तिनं मिळून खुर्ची अण्णासाहेबांसकट फरपटत सावलीत नेली. तेवढ्यात सुती कुर्त्याच्या पाठीवर तपकिरी डाग उमटला होता आणि जळक्या कापडाचा वास सुटला होता.

अण्णासाहेबांचा डावा कान आणि गाल लालभडक झाला होता. ते गोंधळून इकडंतिकडं बघत होते. विक्रांत हॅट हातात घेऊन उभा होता आणि त्याचं वाक्य, कुमुदनं ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला ते, खरोखरच अर्ध्यावर तुटलं होतं. तिला त्याचा काडीचाही आनंद झाला नाही.

बर्फ आला, डॉक्टर आले. कानाच्या पाळीला फोड आला होता, बाकी भाजणं वरवरचं होतं. रसिकाच्या पाठीला मलम लावलं. अण्णासाहेब कोचावर आडवे झाले आणि त्यांनी सगळ्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं, कुमुदला सोडून.

"तुला ठाऊक होतं," ते म्हणाले. प्रश्न नव्हता, तरी तिनं उत्तर दिलं.

"हो."

"खुर्ची माझ्यासाठी होती?"

"नाही. विक्रांतसाठी."

"मग मी बसलो तेव्हा बोलायचं नाहीस?"

"मी तीनदा सांगितलं होतं, अण्णासाहेब. फोनवर, ईमेलवर, या खोलीत. कोणी ऐकलं नाही."

"ते झाडाबद्दल. मी आज दुपारबद्दल विचारतोय."

अण्णासाहेबांनी यंत्र कानातून काढून उशाशी ठेवलं. त्यांना आणखी ऐकायचं नव्हतं.

रिपोर्टचा विषय त्या दिवशीच संपला. कानाचं काय करायचं, ते रसिकानं सांगितलं आणि एका वाक्यात सांगितलं: "मी त्याची चमक काढून टाकते." विक्रांत कळवळला. मिरर फिनिश हाच तर सगळा कन्सेप्ट होता, आभाळ गेलं तर उरलं काय, उद्घाटन पुढं ढकलू पण हे नको, यार. रसिका त्याच्याशी वाद घालत बसली नाही. दुसऱ्या सकाळी ती ग्राइंडर घेऊन आली, मचाण बांधून घेतलं आणि स्वतःच्या हातानं तो आरसा घासायला लागली.

कुमुदनं झाडावर हिरवी जाळी बांधून घेतली, खोडाच्या जखमेला शेणमातीचा लेप दिला. काम झालं तरी ती गेली नाही. मचाणाखाली, सावली बघून, बसून राहिली. वर ठिणग्या उडत होत्या. रसिका पाठीमुळं हात पुरता उचलू शकत नव्हती, थांबून थांबून घासत होती. दुपारी ती खाली उतरली आणि चष्मा काढून शेजारी बसली.

"पाठ कशी आहे?" कुमुदनं विचारलं.

"आग होते. झोपताना त्रास होतो." मग ती म्हणाली, "तुम्हाला माझं काम आवडत नाही."

"नाही."

"पाहिलंत कधी?"

"पाहायला गेलं की त्यात मीच दिसायचे."

रसिका मोठ्यानं हसली आणि पाठ दुखून कळवळली. मग ती बोलत गेली. तिचे वडील वसईला लग्नाच्या बँडमध्ये कर्णा वाजवायचे. लहानपणी ती त्यांच्यासमोर उभी राहायची तेव्हा तिला कर्ण्याचं ते पसरट पितळी तोंड तेवढं दिसायचं, मागं वडील दिसायचेच नाहीत. म्युझियममधली लष्करी वाद्यं बघून तिला ते आठवलं. "हा कान नाहीच," ती म्हणाली. "हे कर्ण्याचं तोंड आहे. कान विक्रांतनी केला. 'श्रवण' नावही त्यांचं. मी म्हटलं, असू दे, काम तर मिळतंय. तुम्ही वर्कशॉपवर आला असतात तर मॉडेल दाखवलं असतं. ते सरळ उभं आहे, आणि पितळेचं."

"पितळ एवढं चमकलं नसतं," कुमुद म्हणाली.

"बजेटमध्ये बसत नव्हतं. कॅफेचं फर्निचर इटलीहून आलंय."

या वाक्यातली कडवट चव कुमुदला ओळखीची वाटली. मुलगी अगदीच वाया गेलेली नव्हती. तिनं डबा उघडला आणि पद्माकरची दोडक्याची भाजी तिच्यापुढं सरकवली. रसिकानं एक घास खाल्ला, तोंड वाकडं केलं, आणि तरीही डबा संपवला.

घासून झालेलं स्टील पावसाळी ढगासारखं दिसायला लागलं. त्यात आता कोणाचा चेहरा दिसत नव्हता. संध्याकाळी पिलखनाची सावली त्यावर पडायची आणि वारा सुटला की हलायची. कुमुदला ते बरं वाटलं. तसं तिनं रसिकाला सांगितलं नाही. एवढंच म्हणाली की वरच्या कडेला अजून थोडी चमक राहिलीय, तेवढी काढ.

उद्घाटन ठरलेल्या दिवशीच झालं. दिल्लीकर खरोखरच फार आले नाहीत. आले त्यांना नव्या दालनातल्या एसीनं धरून ठेवलं. विक्रांतचं भाषण झालं. धातूची त्वचा पहिल्या स्केचपासूनच मॅट होती, असं तो म्हणाला. आरसा हा अहंकार असतो आणि आपण त्याला पहिल्यापासून नकार दिला. झाडाची एक फांदी आपण मुद्दाम वाळलेली ठेवली आहे, मृत्यूही या संवादाचा भाग आहे, असंही म्हणाला. टाळ्या पडल्या. कुमुदनं इकडंतिकडं पाहिलं. तिची बाटली सुरक्षारक्षकानं दारातच ठेवून घेतली होती. भाषण तिला कोरड्या घशानं पूर्ण ऐकावं लागलं.

दालनाच्या भिंतीवर पितळी पाटी होती. वास्तुरचना, शिल्प, आणि सर्वांत खाली बारीक अक्षरात 'वृक्षारोपण: कुमुदिनी घैसास'. तिनं इथं एकही वृक्ष रोपला नव्हता. आणि तिचं नाव कुमुदिनी नव्हतं.

अण्णासाहेब तिच्याजवळ आले. गालाची कातडी सोलवटून खालून गुलाबी, नवी दिसत होती. ते काठीवर रेलून उभे राहिले.

"झाड जगेल?"

"जगेल. एक बाजू गेली. ती फांदी पावसाआधी उतरवायला हवी, नाहीतर कोणाच्या तरी डोक्यात पडेल."

"उतरवून घे. तेवढं तूच कर. त्यानंतर बागेचं काम मी दुसऱ्या कोणाला देणार आहे. तुझे वडील माझे मित्र होते, म्हणून मीच सांगतोय, पत्रानं कळवत नाही."

"बरोबर आहे तुमचं," कुमुद म्हणाली. हे म्हणताना तिला वाईट वाटलं, आणि अण्णासाहेबांबद्दल आयुष्यात पहिल्यांदाच थोडा आदरही वाटला. दोन वर्षांत या जागेत कोणीतरी एक निर्णय स्वतः घेतला होता, आणि समोर उभं राहून सांगितला होता.

ती दाराशी आपली बाटली मागून घेत होती तेव्हा विक्रांत मागून आला. त्याच्या हातात दोन कार्डं होती आणि चेहऱ्यावर सगळ्यांना माफ केल्याचा भाव.

"कुमुदताई, जाऊ नका लगेच! ग्रेटर नोएडात एक प्रोजेक्ट येतोय. हॉटेल आहे. चौदाव्या मजल्याच्या गच्चीवर जंगल. जंगल, ताई! आपलं तिघांचं ट्यूनिंग इतकं मस्त जमलंय. म्हणजे, दोघांचं. आर्टिस्ट मी दुसरा बघतोय. रसिका टॅलेंटेड आहे, पण डिफिकल्ट आहे हो फार. प्रत्येक गोष्टीत तिचं काहीतरी असतंच."

"तिला काढलंत?"

"काढलं असं नाही. संवाद थांबला."

कुमुदनं त्याच्याकडं नीट पाहिलं. शर्टाला अजूनही सुरकुती नव्हती. एप्रिलपासून इतकं घडलं; एक फांदी गेली, एका म्हाताऱ्याचा गाल सोलला, एका मुलीच्या पाठीवर डाग राहिला, तिचं स्वतःचं काम गेलं. या माणसावर त्यातलं काही म्हणता काही उमटलं नव्हतं. त्याच्यावरून सगळं निथळून जात होतं.

"गच्चीवर माती किती खोल घालणार?" तिनं विचारलं.

"डिटेल्स नंतर बघू. आधी फील."

"मग जंगल रंगवूनच घ्या भिंतीवर," ती म्हणाली. "पाणी लागत नाही, आणि कोणी तक्रार करत नाही."

विक्रांत हसला. त्याला ती कोटी आवडली. बहुधा पुढच्या प्रेझेंटेशनमध्ये तो ती वापरणार होता. कुमुदनं कार्ड घेतलं नाही. रसिका फाटकाबाहेर टॅक्सीची वाट बघत उभी होती, पाठीला कापड लागू नये म्हणून खांदे पुढं काढून. कुमुद तिच्याजवळ गेली.

"फांदी उतरवायची आहे पुढच्या आठवड्यात," ती म्हणाली. "लाकूड भरपूर निघेल. हवं असलं तर येऊन घेऊन जा."

"काय करू त्याचं?"

"ते मला काय विचारतेस! ते तुझं काम." मग नाइलाज झाल्यासारखी ती म्हणाली, "आणि ते पितळेचं मॉडेल असेल अजून, तर मी येईन बघायला. शनिवारी. रविवारी मला जमत नाही."